गोळीबाराच्या रानाखालचे पाणी

(कोल्हार येथे कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



जमीन बिघडते म्हणजे काय होते, हे कोल्हारच्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकवावे लागत नाही. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले, प्रवरेच्या कालव्यांचे पाणी या काळ्या रानांतून फिरले आणि ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस उभा राहिला. पुढे स्वातंत्र्यानंतर लोणीला सहकारी साखर कारखाना निघाला आणि सहकाराचे तीर्थक्षेत्र म्हणून हा परिसर देशभर ओळखला जाऊ लागला. या वैभवाच्या मागोमाग दुसरेही एक प्रकरण आले, ज्याची नोंद गौरवग्रंथांत फारशी होत नाही. पाणी आणण्याची सोय झाली, पाणी निघून जाण्याची झाली नाही. सखल भागातील जमिनी आधी पाणथळ झाल्या, मग वर पांढुरका थर दिसू लागला, आणि शेतकरी म्हणू लागला की रान चोपण झाले. विहिरीचे पाणी मचूळ झाले. साखरपट्ट्यात ठिकठिकाणी मळीचे पाणी मुरून विहिरी तांबड्या झाल्याच्या तक्रारी त्यानंतरच्या.

चोपण जमीन सुधारता येते. चर खणावे लागतात, जिप्सम टाकावे लागते, ताग किंवा धैंचा पेरून गाडावा लागतो आणि काही वर्षे थांबावे लागते. ज्याच्याजवळ पंचवीस एकर आहेत तो थांबतो. ज्याच्याजवळ दोनच एकर आहेत तो रान विकतो, किंवा ऊसतोडीच्या टोळीबरोबर जातो. जमिनीच्या आजाराचाही वर्ग असतो, ही गोष्ट या खोऱ्यात तीन पिढ्यांनी पाहिली आहे.

आजचा विषय या अनुभवाच्या शेजारचा आहे. लष्कराच्या तळाखालील, सरावाच्या मैदानाखालील आणि दारूगोळ्याच्या कारखान्याखालील माती व पाणी दूषित झाले तर ते कोणी तपासायचे, कोणी शुद्ध करायचे आणि तोवर तहान कोणाची अडायची, हा तो विषय. कोल्हारमध्ये तो का काढावा, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. नगर-मनमाड रस्त्याने प्रवरेचा पूल ओलांडून दक्षिणेला निघाले की कोल्हार खुर्द लागते, ते राहुरी तालुक्यातले. पुढे राहुरी, आणि त्यापुढे नगर. २०२४ पासून त्याचे नाव अहिल्यानगर आहे. नगर हे जुने लष्करी ठाणे. १८०३ साली वेलस्लीने येथला भुईकोट किल्ला जिंकला. १९४२ ते १९४५ या काळात त्याच किल्ल्यात नेहरू, मौलाना आझाद आणि आचार्य नरेंद्र देव बंदिवान होते. स्वातंत्र्यानंतर चिलखती दलाचे केंद्र व विद्यालय येथे स्थिरावले, नंतर यांत्रिकी पायदळाचे केंद्र आले. वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्था येथेच आहे. आणि या सर्वांच्या तोफांना व रणगाड्यांना नेमबाजीसाठी जे रान लागते ते खारे-कर्जुने या गावांच्या नावाने ओळखले जाणारे के. के. रेंज.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. के. के. रेंजचे पाणी कोल्हारला येत नाही. त्या रानाचा उतार काही अंशी मुळेकडे आहे, काही अंशी सीनेकडे. मुळा कोल्हारच्या पुष्कळ खाली, नेवाशाच्या बाजूला प्रवरेला मिळते. तेव्हा कोल्हारच्या विहिरीत तोफेचा अंश उतरला, अशी हाकाटी कोणी करील तर ती खोटी ठरेल आणि खरी मागणी तिच्याबरोबर बुडेल. के. के. रेंजखालचे पाणी दूषित झालेच आहे, असाही आरोप येथे करावयाचा नाही. सांगावयाचे ते एवढेच की अशा रानांखाली पाणी दूषित होते, हे जगात अनेक ठिकाणी सिद्ध झाले आहे. म्हणून येथे ते मोजले गेले पाहिजे आणि मोजमाप गावाच्या हाती आले पाहिजे. मुळा धरणातून राहुरीची शेते भिजतात आणि नगर शहर पाणी पिते. त्या जलाशयाच्या आसपासची गावे गोळीबाराच्या अधिसूचित क्षेत्राशी जोडलेली आहेत. एवढे कारण पुरेसे असावे.

गोळा फुटला की सारे जळून गेले, अशी सामान्य समजूत आहे. नीट फुटलेल्या गोळ्यातून मागे राहणारे स्फोटक खरोखरच नगण्य असते. अडचण अर्धवट फुटलेल्या आणि न फुटलेल्या गोळ्यांची आहे. अर्धवट फुटलेला एक गोळा व्यवस्थित फुटलेल्या हजारो गोळ्यांपेक्षा अधिक स्फोटक जमिनीवर सांडतो, कारण त्याचे खडे आणि भुकटी तशीच विखुरली जाते. न फुटलेला गोळा जमिनीत रुततो, त्याचे लोखंड गंजते आणि दहा, वीस, चाळीस वर्षांनी आतला मसाला पावसाच्या पाण्याला भेटतो. त्या मसाल्यात टीएनटी आणि आरडीएक्स ही दोन मुख्य द्रव्ये असतात. टीएनटी मातीला चिकटते, मातीतच त्याचे रूपांतर होते आणि ते फार दूर जात नाही. आरडीएक्सचा स्वभाव वेगळा. ते पाण्यात थोडेच विरघळते, पण मातीला फारसे धरून राहत नाही, म्हणून विरघळलेला अंश सरळ खाली उतरतो. रॉकेटच्या इंधनातले परक्लोरेट तर मिठासारखे विरघळते आणि पाण्याबरोबर पाण्याच्याच वेगाने चालते. शरीरात गेले की ते कंठग्रंथीला मिळणारे आयोडिन अडवते. गरोदर स्त्री आणि तान्हे मूल यांना त्याचा धोका अधिक. जेथून तोफ डागली जाते तेथे दारूचे अवशेष साठतात, आणि बंदुकीच्या चांदमारीच्या बांधात शिसे.

शिवाय लष्कराचा तळ म्हणजे केवळ तोफा नव्हेत. तो एक मोठा कारखाना असतो. रणगाड्यांची इंजिने खोलली जातात, त्यांवरचे वंगण द्रावकांनी धुतले जाते, बॅटऱ्यांचे आम्ल ओतले जाते, डिझेलच्या टाक्या जमिनीत पुरलेल्या असतात आणि जुन्या टाक्या झिरपतात. एस. टी. च्या कोणत्याही जुन्या आगाराची माती पाहिली तरी या प्रकाराची थोडी कल्पना येईल. लष्करी द्रावकांमध्ये ट्रायक्लोरोएथिलीन नावाचे एक आहे. ते पाण्याहून जड असल्यामुळे भूजलाच्या तळाशी जाऊन बसते आणि तेथून वर्षानुवर्षे थोडे थोडे विरघळत राहते.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात कॅम्प लेज्युन हा नौसैनिकांचा तळ आहे. तेथील वसाहतींना पाणी पुरवणाऱ्या विहिरींत १९५३ पासून १९८७ पर्यंत हे द्रावक, त्याच्या जातीचे दुसरे एक द्रावक आणि बेंझिन होते. काही विष तळावरच्या गळक्या टाक्यांतून व कचऱ्याच्या खड्ड्यांतून आले होते, काही तळाबाहेरच्या एका धुलाई-दुकानातून. १९८० नंतरच्या तपासण्यांत ते दिसून आले, आणि तरीही सर्वांत वाईट विहिरी बंद व्हायला १९८४-८५ उजाडले. त्या पाण्यावर कोण जगत होते? शत्रू नव्हे. सैनिक, त्यांच्या बायका, त्यांची मुले. एका सार्जंटची नऊ वर्षांची मुलगी रक्ताच्या कर्करोगाने गेली. बापाने पुढे आयुष्याची कित्येक वर्षे ही फाईल सोडली नाही आणि २०१२ साली झालेल्या उपचारविषयक कायद्याला त्या मुलीचे नाव जोडले गेले. नुकसानभरपाईसाठी न्यायालयात जाण्याची वाट तर २०२२ च्या कायद्याने मोकळी झाली. जगातील सर्वांत श्रीमंत सैन्याच्या सैनिकाला आपल्याच सरकारकडून न्यायालयाचे दार उघडून घ्यायला पस्तीस वर्षे लागली, ही गोष्ट खारे-कर्जुन्याच्या माणसाने लक्षात ठेवावी.

दुसरे उदाहरण आपल्या प्रश्नाच्या अधिक जवळचे आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यात केप कॉड या द्वीपकल्पावर तोफखान्याच्या सरावाचे विस्तीर्ण रान आहे. त्याच्याखाली वाळू आणि गोटे, आणि त्यांत साठलेले गोड पाणी. आजूबाजूच्या गावांना पिण्यासाठी दुसरा आधार नाही. तेथे भूजलात आरडीएक्स सापडले. १९९७ साली अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने लष्कराला आदेश दिला की तोफांचा व उखळी तोफांचा सराव थांबवा. हा आदेश युद्धविरोधी कायद्याखाली निघाला नव्हता. तो निघाला पिण्याच्या पाण्याच्या कायद्याखाली. नागरी खात्याने सेनापतीला सांगितले की गावाच्या घागरीपुढे तुमची तोफ थांबेल, आणि ती थांबली. त्यानंतर शेकडो तपासणी-विहिरी खोदण्यात आल्या, दूषित पाणी उपसून खास प्रक्रिया केलेल्या कोळशातून गाळून पुन्हा जमिनीत सोडण्याची यंत्रे बसली. दशके लोटली तरी काम संपलेले नाही. अमेरिकेच्या आरोग्यविषयक मार्गदर्शनाप्रमाणे आयुष्यभर प्यायच्या पाण्यात आरडीएक्सची सुरक्षित मर्यादा लिटरला दोन मायक्रोग्रॅम मानली जाते. मिठाच्या एका खड्याचे पन्नास भाग करावेत आणि त्यातले एक-दोन भाग लिटरभर पाण्यात टाकावेत, एवढेच हे प्रमाण.

केप कॉडची वाळू आणि नगरचा कातळ यांत मात्र फरक आहे आणि तो आपल्या बाजूचा नाही. वाळूतले पाणी एका दिशेने, मोजता येईल अशा चालीने सरकते. दूषित पाण्याची जीभ नकाशावर काढता येते. दख्खनच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून आणि थरांच्या सांध्यांतून जाते. एकाच्या विहिरीला बारमाही पाणी आणि बांधापलीकडची दोनशे फुटांची बोअर कोरडी, हा अनुभव येथे घरोघरी आहे. विषही त्याच वाटांनी जाणार. शेजारची विहीर स्वच्छ निघाली म्हणून पुढची स्वच्छ असेल, असे या भूमीत म्हणता येत नाही. तेव्हा चार नमुने घेऊन ‘सर्व काही ठीक’ असा दाखला देणाऱ्या साहेबाला नम्रपणे परत पाठवावे. या खडकात एखादी विहीर वगळणे म्हणजे ते घर वगळणे.

आता शुद्धीकरणाचे. माती थोडी असेल तर ती खणून काढतात आणि भट्टीत जाळतात. खर्च अफाट येतो आणि राखेचा प्रश्न उरतो. अमेरिकेतच ओरेगन राज्यात उमाटिला येथे जुन्या बॉम्बमधला मसाला गरम पाण्याने व वाफेने धुऊन काढण्याचे काम चाले आणि ते तांबूस पाणी दोन उघड्या खड्ड्यांत सोडले जाई. खड्ड्यांखालची माती टीएनटी व आरडीएक्सने भरली. १९९० नंतर तेथे भट्टीऐवजी दुसरा उपाय झाला. ती माती शेण, कोंबडीखत, लाकडाचा भुसा, चाऱ्याचे गवत आणि बटाट्याच्या कारखान्यातला टाकाऊ चोथा यांत मिसळून तिचे लांबच लांब ढीग लावले, ते पुन्हा पुन्हा उलथवले आणि आतल्या उष्णतेने व जिवाणूंनी स्फोटके मोडून टाकली. ज्याने उकिरडा लावला आहे त्याला ही रीत परकी वाटू नये. ती भट्टीपेक्षा स्वस्तही पडली. मात्र खालच्या पाण्यासाठी तेथेही उपसा आणि कोळसाच लागला, आणि त्याला माती सुधारण्यापेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो. माती डोळ्यांसमोर असते. पाणी कातळात शिरले की ते परत मिळवण्याचे काम नातवंडांवर जाते. म्हणूनच आधी मोजण्याला इतके महत्त्व.

आपल्या देशातही या विषयाचा इतिहास आहे, पण तो कारखान्यांचा आहे. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछडी गावात १९८८ च्या सुमारास एच-आम्ल नावाचे रसायन बनवणारे कारखाने निघाले. थोड्याच दिवसांत त्यांचा गाळ मुरून विहिरींचे पाणी गडद झाले, पिण्यालाही नालायक आणि पिकालाही. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जो दूषित करील त्याने शुद्धीकरणाचा खर्च द्यावा, आणि खर्चाचा अंदाज ३७ कोटी रुपयांच्या वर होता. कारखानदार मालमत्तेच्या आणि अर्जांच्या आड लपत राहिले. पंधरा वर्षांनी, २०११ साली, त्याच न्यायालयाला चक्रवाढ व्याजासह वसुलीचा आदेश काढावा लागला. भोपाळची कथा सर्वांना माहीत आहे. १९८४ च्या विषारी वायूनंतर कारखान्याच्या आवारात पडून राहिलेला ३३७ टन कचरा जानेवारी २०२५ मध्ये पीथमपूरला नेण्यात आला आणि तेथे जाळला गेला. चाळीस वर्षे! आणि तो नुसता वरचा, पोत्यांत भरलेला कचरा. आवारातील दूषित मातीचा राष्ट्रीय संस्थांनी २०१० साली केलेला अंदाज अकरा लाख टनांचा होता.

कारखानदाराला निदान न्यायालयात खेचता येते. दूषित करणारा स्वतः सरकारच असेल तर? महाराष्ट्रात खडकी, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, भंडारा, भद्रावती, अंबाझरी येथे आयुधनिर्माणी आहेत, पुलगावला दारूगोळ्याचे मध्यवर्ती भांडार आहे, देवळालीला तोफखान्याचे मैदान आहे. खडकीचा कारखाना १८६९ सालचा. दीडशे वर्षे ज्या जमिनीवर स्फोटके हाताळली गेली, तिच्या पोटात काय आहे, हा प्रश्न विचारणे देशद्रोह ठरू नये. १ ऑक्टोबर २०२१ रोजी केंद्र सरकारने आयुधनिर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. कामगारांच्या संघटनांनी त्याला विरोध केला तो नोकरीच्या हमीसाठी, आणि तो रास्तच होता. पण त्या वेळी आणखी एक मुद्दा मांडायला हवा होता. कारखाना कंपनीच्या नावे झाला तेव्हा जमिनीखालच्या जुन्या विषाची जबाबदारी कोणाच्या नावे झाली? ताळेबंदात इमारती मांडल्या जातात, यंत्रे मांडली जातात; मातीत मुरलेल्या कर्जाचा रकाना तेथे नसतो. डाव्या कामगार चळवळीने पगाराच्या पलीकडे पाहून कारखान्याच्या कुंपणाखालून बाहेर जाणारे पाणी आपल्या मागणीपत्रकात क्वचितच घेतले आहे, हे खेदाने म्हणावे लागते.

कायद्याकडे वळावे तर १९३८ सालचा एक कायदा अजून हाताशी आहे: युद्धसराव, मैदानी गोळीबार व तोफखाना सराव यांसंबंधीचा. इंग्रजांनी केला आणि स्वतंत्र भारताने ठेवला. त्याच्या आधारे राज्य सरकार ठरावीक मुदतीसाठी एखादे क्षेत्र गोळीबारासाठी अधिसूचित करते आणि मुदत संपली की पुन्हा अधिसूचना निघते. के. के. रेंजच्या विस्तारित क्षेत्राखाली नगर, राहुरी व पारनेर तालुक्यांतील २३ गावांवर हेच सावट राहिले. २०२० साली ती जमीन कायमची संपादन होणार अशा वार्तेने या गावांत मोठे आंदोलन उभे राहिले आणि प्रश्न थेट संरक्षणमंत्र्यांपर्यंत गेला. त्यांतली काही कुटुंबे मुळा धरणाने एकदा उठवलेली होती. एकदा पाण्यासाठी उठा, दुसऱ्यांदा तोफेसाठी उठा. देशाची उभारणी अशा माणसांच्या पाठीवर होते आणि कोनशिलेवर नाव मात्र मंत्र्याचे असते.

त्या आंदोलनात जमीन जाण्याची भीती होती, म्हणून सारे भांडण मालकीचे झाले. जमीन राहिली पण तिच्याखालचे पाणी गेले तर काय राहिले, याची चर्चा झाली नाही. वास्तविक १९३८ च्या कायद्यातच दोन कलमे अशी आहेत की ज्यांचा उपयोग कार्यकर्त्यांनी करावयास हवा. सरावामुळे माणसाचे वा मालमत्तेचे नुकसान झाले तर भरपाई द्यावी, हे एक. दुसरे असे की युद्धसरावासाठी वापरलेली जमीन शक्य तितक्या लवकर आणि शक्य तितकी पूर्वस्थितीत आणण्याचे काम सेनाधिकाऱ्याने करावयाचे आहे. इंग्रज अंमलदाराच्या डोळ्यांसमोर तेव्हा तुडवलेले पीक आणि मोडलेले बांध असतील. पण शब्द ‘पूर्वस्थिती’ असा आहे, आणि ज्या जमिनीखालचे पाणी पूर्वी पिता येत होते व आता येत नाही, ती जमीन पूर्वस्थितीत आहे असे कोणता वकील म्हणेल? गोळीबाराच्या क्षेत्रालाही हे तत्त्व स्पष्ट शब्दांत लागू करावे, ही मागणी या कायद्याच्याच आत्म्यातून निघते.

नवे कायदे जुन्यापेक्षा उदार आहेत असे मात्र नाही. २००६ च्या पर्यावरण-आघात अधिसूचनेने मोठ्या प्रकल्पांसाठी जनसुनावणी सक्तीची केली, आणि त्याच अधिसूचनेत राष्ट्रीय संरक्षणाशी संबंधित प्रकल्पांना त्या सुनावणीतून वगळले. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक २०१२ साली सुधारले गेले. त्यात शिसे आहे, नायट्रेट आहे, कीटकनाशके आहेत. आरडीएक्स नाही आणि परक्लोरेट नाही. परिणाम असा की पंचायतीने विहिरीचा नमुना सरकारी प्रयोगशाळेत दिला, तर ती ठरलेल्या यादीतल्या गोष्टी तपासून ‘पाणी पिण्यास योग्य’ असा कागद प्रामाणिकपणे देईल. त्यात लबाडी काही नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणी देत नाही.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. किरणोत्सारी कचरा, खाणी, समुद्रातले तेल आणि घनकचऱ्याची आगारे त्यांतून वगळली आहेत. स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळे कळवायची, राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, विष ठरले की दूषित करणारा शोधायचा आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा, असा क्रम आहे. शुद्धीकरण अमुक वर्षांत पुरे झालेच पाहिजे, अशी मुदत मात्र नियमांत घातलेली नाही. पण संशयित स्थळ कळवण्याचा अधिकार गावाच्या एवढा जवळ आणणारी तरतूद यापूर्वी नव्हती आणि ती वापरून पाहिल्याशिवाय तिला नावे ठेवण्यात अर्थ नाही.

येथे नेहमीचा आक्षेप पुढे येईल की संरक्षणाची बाब आहे, गुप्तता हवी, सीमेवर जवान उभा आहे. जवानाबद्दल या देशातील समाजवाद्यांना कोणाकडून धडे घ्यायचे नाहीत. तो याच नगर-सातारच्या कोरडवाहू घरांतून जातो. ज्या घरात जमीन पुरत नाही त्या घरातला एक मुलगा फौजेत असतो. तळावरच्या वसाहतीत त्याचेच बिऱ्हाड राहते आणि त्याच जमिनीखालचे पाणी पिते. लेज्युनमध्ये हेच घडले. तोफेचा पल्ला किती, नेम कसा, किती गोळे साठवले, ही गुपिते खुशाल ठेवावीत. पण विहिरीत उतरलेले रसायन हे लष्करी गुपित राहिलेले नसते. ते पाणी शेंदणाऱ्या बाईच्या पोटात गेलेले असते. आणि ज्या देशाने १९९७ साली आपल्या एका मैदानावरचा सराव थांबवला, त्याचे सैन्य त्यामुळे दुबळे झाले असे अजून कोणी म्हटलेले नाही. प्वेर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावर लोकांनी सत्याग्रह करून २००३ साली अमेरिकी नौदलाला बॉम्बफेक बंद करायला लावली, तेही याच मुद्द्यावर धडा देते. नौदल गेले, झेंडे उतरले, लोकांनी आनंद केला; न फुटलेले बॉम्ब वेचण्याचे आणि माती तपासण्याचे काम मात्र त्यानंतर वर्षानुवर्षे चालू राहिले. नुसते ‘रेंज हटवा’ म्हणून भागत नाही. हटताना काय मागे ठेवून जाता, याचा हिशेब आधी लिहून घ्यावा लागतो.

सरावाच्या रानात भंगार वेचणाऱ्यांची गोष्ट या हिशेबातून वगळता येत नाही. पितळ, तांबे, शिसे यांच्या किलोमागे मिळणाऱ्या पैशांसाठी माणसे जीव धोक्यात घालून आत शिरतात, न फुटलेला गोळा हाताळतात आणि मरतात. अशा बातम्या खारे-कर्जुने भागातून पुन्हा पुन्हा आल्या आहेत. वृत्तपत्रात त्यांना ‘भंगारचोर’ म्हटले जाते. पुलगावला २० नोव्हेंबर २०१८ रोजी जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, सहा माणसे गेली. त्यांत ठेकेदाराच्या रोजावरचे मजूर होते. माती शुद्ध करण्याची योजना उद्या मंजूर झाली तर ते काम कोण करणार? ठेकेदार, आणि त्याच्या हाताखाली हीच माणसे. शुद्धीकरणाची मागणी करणाऱ्याने त्याच कागदावर प्रशिक्षण, विमा आणि नियमित वेतन यांचीही मागणी लिहिली पाहिजे. नाहीतर गावाचे पाणी मजुराच्या रक्ताने धुतल्यासारखे होईल.

साधने या जिल्ह्याच्या आवाक्यात आहेत. राहुरीला कृषी विद्यापीठ आहे, तेथे मातीचे शास्त्र जाणणारी माणसे आहेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ पासून निरीक्षण-विहिरींच्या पातळ्या मोजत आली आहे; पातळी मोजणाऱ्या माणसाने त्याच फेरीत बाटली भरून घेतली तर फार मोठा बोजा पडत नाही. स्फोटकांचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याचीच प्रयोगशाळा पुण्यात आहे, म्हणजे मोजण्याची विद्या विलायतेहून आणावी लागणार नाही. ग्रामसभेचा ठराव, त्यासोबत विहिरींची यादी, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत प्रदूषण नियंत्रण मंडळाला २०२५ च्या नियमांखाली पत्र, आणि त्याची प्रत स्थानिक लष्करी अधिकाऱ्यांना, एवढ्यावर सुरुवात होते. कोल्हार खुर्दपासून राहुरीपर्यंतच्या कार्यकर्त्यांनी मुळाकाठच्या गावांत जाऊन ही यादी करण्यास मदत करावी. प्रत्येक विहिरीची खोली, खोदाईचे वर्ष, बोअर किती फुटांवर लागली, कोणत्या थरात पाणी आले, हे म्हातारी माणसे तोंडपाठ सांगतात. ते उतरवून घेणारे कोणी नसते.

नमुने वर्षातून दोनदा घ्यावेत. एकदा मे महिन्यात, विहिरी तळाला गेल्यावर, आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास, पावसाळ्याचा पाझर आत उतरल्यावर. बाटली तपकिरी काचेची असावी, कारण उजेडाने ही द्रव्ये मोडतात. ती बर्फात ठेवून लवकर पोचवावी. प्रत्येक नमुन्याचे दोन भाग करून एक सरकारी प्रयोगशाळेकडे आणि एक विद्यापीठाकडे द्यावा, आणि पाणी भरताना पंचायतीचा एक माणूस व विहिरीचा मालक यांच्या सह्या नोंदवहीत घ्याव्यात. ती नोंदवही तालुक्याला जाता कामा नये. ती पंचायतीच्या कपाटात राहावी, आणि कपाटाची किल्ली गावात.